आपण टाकतो ते उचलतो कोण?

(इटारसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत महागाई भत्ता, कंत्राटीकरण आणि पेन्शन या विषयांच्या मध्येच 'रोजच्या जगण्यातले पर्यावरण' हा विषय छापलेला पाहून काही साथींनी आम्हाला सकाळी चहाच्या वेळीच गाठले. हे मध्येच काय काढले, असे त्यांचे म्हणणे. एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "पर्यावरण हे पोट भरलेल्या माणसांचे काम आहे. आमची ड्युटी संपते तेव्हा अंगात जीव उरत नाही." हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. कारण पर्यावरणवादी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो त्याला बंगला असतो, बंगल्याला बाग असते आणि बागेला माळी असतो. तो माणूस आपल्यातला नसतो.

दुसरे चित्र आपल्याला सरकारी कार्यालयात दिसते. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात दरवर्षी ५ जूनला झाड लावतात. साहेब येतात, फोटो निघतो, पेढे वाटतात. खड्डा मात्र वर्षानुवर्षे तोच आहे. गेल्या वर्षीचे रोप मे महिन्यात वाळून गेलेले असते, कारण त्याला पाणी घालण्याची ड्युटी कुणाच्याच नावावर लागलेली नसते. खड्डा खणणारा खलाशी आम्हाला म्हणाला, "आता पहारही लागत नाही. माती इतकी भुसभुशीत झाली आहे की हातानेच निघते."

अशा पर्यावरणाविषयी बोलायला आम्ही इथे उभे नाही. आम्हाला एकच साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आपण दिवसभरात जे टाकतो, ओततो, जाळतो आणि सांडतो, ते जाते कुठे आणि शेवटी कुणाच्या हाताला लागते? एवढे एक विचारायची सवय लागली की पर्यावरण बंगल्याच्या बागेतून निघून आपल्या रुळांवर येऊन उभे राहते.

रुळांपासूनच सुरुवात करू. आपल्यापैकी जे गँगमध्ये होते किंवा आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. पण टपाल खात्यातल्या साथींसाठी सांगतो. पिढ्यानपिढ्या आपल्या डब्यांतले संडास थेट खाली रुळांवर उघडत होते. डब्यातल्या माणसाने साखळी ओढली की त्याच्यापुरते काम संपले. त्याच रुळांवर सकाळी सातला गँग उतरत असे. स्लीपरखाली खडी भरायची, क्लिपा ठोकायच्या, सांधे तपासायचे. ज्या क्लिपला हात लावायचा तिच्यावर काय पडलेले आहे, हे बघत बसायला वेळ नसे. लांब पल्ल्याची गाडी धडधडत निघून जाताना बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काय उडे, ते त्याच्या घरच्या बाईलाच ठाऊक, कारण कपडे तिने धुतलेले असत. आणि मोठ्या स्टेशनांत, फलाटाला लागून असलेल्या रुळांवर, झाडू आणि पाण्याचा पाइप घेऊन कोण उतरत असे आणि त्यांची जात बहुतेक वेळा कोणती असे, हेही आपल्याला माहीत आहे.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. दुसरा, अधिक व्यापक कायदा २०१३ साली झाला. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला, त्यात रेल्वेच्या रुळांचाही प्रश्न आला. इतके होऊनही रुळांवरचे काम चालूच होते. मग संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने तयार झालेले जैव-शौचालय डब्यांखाली बसू लागले. टाकीत जिवाणू असतात, ते हवेशिवाय जगतात, मैल्याचे पाणी आणि वायू करून टाकतात. २०२० च्या आसपास जवळजवळ सगळ्या प्रवासी डब्यांना अशा टाक्या लागल्या. अभियंत्यांनी हिशेब मांडला तो रूळ गंजण्याचा आणि क्लिपा खराब होण्याचा. तो हिशेब खरा आहे. पण गँगमधल्या माणसाच्या हातांचा हिशेब कुठल्या फाइलमध्ये मांडला गेला, ते आम्हाला दिसलेले नाही.

आता या गोष्टीचा दुसरा भाग ऐका. त्या टाकीतल्या जिवाणूंना मैला पचतो, पण पाण्याची रिकामी बाटली पचत नाही. गुटख्याची पुडी, लहान मुलाचे डायपर, चहाचा पेला, कापड, काहीही पचत नाही. प्रवासी ते सगळे भांड्यात टाकतो, टाकी तुंबते, आणि गाडी डेपोत आली की कुणीतरी ती उघडतो. तो बहुधा कंत्राटी कामगार असतो. त्याला हातमोजे मिळालेच तर ते फाटेपर्यंत वापरायचे असतात. म्हणजे रुळांवरून जे हात वर उचलले गेले, तेच हात आता टाकीत गेले. यंत्र बदलले, पण खिडकीत बसलेल्या माणसाची सवय बदलली नाही. आणि तो माणूस नेहमीच कुणी परका नसतो, मित्रहो. पास काढून सहकुटुंब गावाला निघालेले आपणही त्याच डब्यात बसलेले असतो. शेंगांची टरफले खिडकीबाहेर टाकणारे हात आम्ही आमच्याच घरात पाहिले आहेत.

रोजच्या जगण्यातला पर्यावरणवादी म्हणजे आमच्या मते एवढेच. आपल्या हातून सुटलेली वस्तू दुसऱ्या कामगाराच्या हाताला लागणार आहे, हे ज्याला सुटण्यापूर्वी आठवते तो.

घरात या. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. असा विषय निघाला की आपण लगेच जुन्या दिवसांची गाणी म्हणू लागतो. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत असे, आई बाजाराला कापडी पिशवी नेत असे, वडिलांच्या खाकी पँटची पिशवी होत असे, डबे-बाटल्या रद्दीवाल्याकडे जात असत. हे सगळे खरे आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांनी दुसरीही गोष्ट आठवावी. लोको शेडच्या बाहेर टाकलेल्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचायला बाया आणि पोरे जात. तो कोळसा संध्याकाळी शेगडीत पेटे आणि सगळी चाळ धुराने भरून जाई. आईच्या डोळ्यांतून पाणी वाही, तिला खोकला लागे, आणि आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो. त्या बायांनी काही वाया घालवले नाही हे खरे, पण त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या छातीने दिली. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

आजही तोच धोका आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असा ठराव आपण शाखेत हात वर करून मंजूर करतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो. दोन बादल्या सांभाळायच्या तिने, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या तिने, आणि पर्यावरणवादी कोण, तर आपण! इथे बसलेल्या भगिनी हसत आहेत, त्याअर्थी आम्ही फार चुकीचे बोलत नाही. बाजाराची पिशवी रात्री आपल्या हाताने आपल्या डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवली, तरच सकाळी ती आपल्या बरोबर येते. बायकोने आठवण करावी आणि आपण विसरावे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच अशा पिशव्यांवर बंदी होती. तरी भाजीवालीकडे पिशव्यांचा जुडगा टांगलेला असतोच. तिला दोष देण्यात अर्थ नाही. रिकाम्या हाताने येणारे गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ती तो ठेवते.

टपाल खात्यातल्या साथींना वाटेल की सगळे बोलणे रेल्वेचेच चालले आहे. पण काटकसरीचा धडा खरे तर टपालानेच दिला. मेलबॅग आठवा. जाड कापडाची, तोंडाला सुतळी, गाठीवर लाखेचा शिक्का. ती बॅग आर. एम. एस.च्या डब्यातून शेकडो वेळा जाई-येई. फाटली तर ठिगळ लागे, टाकली जात नसे. सरकारी लिफाफ्यावर कागदाची पट्टी चिकटवून तोच लिफाफा पुन्हा वापरत, त्या पट्टीवर चौथ्यांदा पत्ता लिहिलेला आम्ही पाहिला आहे. तेव्हा त्याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हते, कंजूषपणाच म्हणत. आज पत्रे कमी झाली आणि पार्सले वाढली. एका चष्म्याच्या डबीभोवती तीन थरांचे प्लॅस्टिक आणि त्यावर हातभर चिकटपट्टी. ते ओझे पोस्टमन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवतो आणि अर्ध्या तासात ते सगळे वेष्टण खाली कचराकुंडीत येते. घरबसल्या मागवलेल्या वस्तूला पाय नसतात. कुणाचे तरी पाय तिला लागतात.

आणि ते पाय कुठल्या उन्हात चालतात? दोन्ही खात्यांच्या कामगारांना एकत्र आणणारा हा प्रश्न आहे. उन्हाळ्यात हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापतो. ठरावीक तापमान ओलांडले की रूळ वाकण्याची भीती असते, म्हणून भर दुपारी गस्तीला माणूस पाठवतात. रूळ वाकेल याची काळजी नियमपुस्तकात आहे. गस्त घालणारा वाकेल, याची काळजी घेणारी सावली त्या मैलोन् मैल वाटेवर नाही. खेड्यात डाक वाटणारा ग्रामीण डाक सेवक त्याच वेळी सायकल रेटत असतो. उष्णतेच्या लाटा वाढत आहेत हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. तेव्हा पिण्याचे पाणी, सावलीची खोली आणि उन्हाळ्यात ड्युटीची बदललेली वेळ या मागण्या सनदेत लिहिताना त्या कल्याणाच्या कलमाखाली लिहू नका. त्या पर्यावरणाच्याच मागण्या आहेत, तसेच लिहा. हवामान बदलते ते आधी कुणाच्या अंगावर बदलते, हे त्यामुळे वाचणाऱ्याला कळेल.

आता, या गावात बसून भोपाळचे नाव घेतल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. इथून ते शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि इथले कित्येक साथी त्याच मंडळात नोकरी करतात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसे मेली. ही हकीगत सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते याविषयी, की त्या संकटाची सूचना आधी कामगारांनी दिली होती. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला. १९८२ साली तिथल्या युनियनने शहरात भित्तिपत्रके लावली, की कामगारांचे आणि नागरिकांचे जीव धोक्यात आहेत. राजकुमार केसवानी या पत्रकाराने त्याच वर्षी तसेच लिहिले. कुणी ऐकले नाही. कारखान्याच्या फाटकावरची द्वारसभा ही शहराच्या पर्यावरणाची पहिली सभा असते, आणि शहर ती ऐकत नाही.

त्या रात्री भोपाळ स्टेशनात उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्युटीवर होते. डोळे जळत होते, श्वास कोंडत होता. फलाटावर माणसांनी भरलेली गाडी उभी होती. तिची सुटायची वेळ झालेली नव्हती. वरून हुकूम येण्याची वाट न पाहता त्यांनी ती गाडी वेळेआधी सोडली आणि येणाऱ्या गाड्या बाहेरच थोपवण्यासाठी जवळच्या स्टेशनांना कळवले. ते स्वतः स्टेशनातच राहिले. पुढची वर्षे त्यांनी आजारपणात काढली आणि २००३ साली ते वारले. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या इतर रेल्वे कामगारांचेही प्राण गेले. पर्यावरण संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर, १९८६ साली.

ते विष पुढे कुठे गेले, हा आपला सुरुवातीचा प्रश्न इथेही विचारा. कारखान्यात उरलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तब्बल चाळीस वर्षे तिथेच पडून होता. तो हलला २०२५ च्या जानेवारीत, आणि गेला धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला, जाळण्यासाठी. पिथमपूर ही औद्योगिक वसाहत, म्हणजे पुन्हा कामगारांचेच गाव. तिथले लोक रस्त्यावर उतरले. शेवटी न्यायालयाच्या देखरेखीखाली तो त्याच वर्षी तिथे जाळण्यात आला. भोपाळच्या वस्तीतून कचरा हलला याचा आनंद मानायचा, की पिथमपूरच्या वस्तीची काळजी करायची? आम्हाला दोन्ही एकदम वाटते, आणि ते तसेच वाटू द्यावे.

आपले हातही फार स्वच्छ आहेत असे नाही. १८६४ साली इंग्रजांनी वनखाते उभे केले त्यामागे रेल्वेच्या स्लीपरांसाठी लागणारे लाकूड हे एक मोठे कारण होते. साल आणि देवदारांची जंगले आपल्या रुळांखाली झोपली आणि ज्यांची ती जंगले होती ते लोक चोर ठरले. आता स्लीपर सिमेंटचे झाले. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईच्या व्ही. टी. स्टेशनातून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली, आणि आज ब्रॉडगेजचे जवळजवळ सगळे मार्ग विजेवर आले आहेत. इंजिनाला धूर राहिला नाही. पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, आणि तो कोळसा आपणच वाघिणींतून वाहून नेतो. म्हणजे धूर आपल्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेला.

तरीही रेल्वे ही मोटारीपेक्षा आणि ट्रकपेक्षा कमी इंधनात माणूस आणि माल नेते, यात शंका नाही. म्हणून २०२० च्या टाळेबंदीनंतर लहान स्टेशनांवरचे थांबे गेले, तेव्हा ते फक्त प्रवाशांचे नुकसान नव्हते. थांबा गेला की खेड्यातला माणूस जीपमध्ये किंवा मोटारसायकलवर बसतो. गेलेला थांबा परत मागणे हे आमच्या लेखी दहा झाडे लावण्याइतकेच काम आहे. हे एकट्याने होत नाही. एकट्याने पिशवी नेता येते, नळ बंद करता येतो. गाडी थांबवता येत नाही.

नळावरून आठवले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. आपल्यापैकी लातूरकडचे जे साथी आहेत त्यांच्या घरी ते पाणी पोचले असेल. तेलाच्या जुन्या वाघिणी कामगारांनी आतून वाफेने धुऊन काढल्या. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाण्याची होती. साऱ्या देशाने कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण त्याच उन्हाळ्यात एका रेल्वे वसाहतीत, नाव सांगत नाही, टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता आणि दिवसरात्र पाणी गटारात जात होते. तक्रारवहीत आम्ही चार वेळा लिहिले. उत्तर आले की साहित्य मागवले आहे. पाचव्या महिन्यात एका निवृत्त फिटर काकांनी स्वतःच्या पैशाने वॉशर आणला आणि दहा मिनिटांत बसवला. त्यांना आम्ही शाल दिली. नंतर कार्यकारिणीत एका तरुण साथीने विचारले, की शाल द्यायची ती काकांना की लाज वाटून घ्यायची ती आपण? कारण पाच महिने आपण फक्त लिहिले. प्रशासनाने करायचे काम कामगाराने खिशातून करावे का, यावर त्या दिवशी बरेच भांडण झाले. ते अजून मिटलेले नाही. आमचे स्वतःचे मत असे, की वॉशर आपण बसवावा आणि त्याचे बिल प्रशासनाकडे पाठवावे, अन् ते मंजूर होईपर्यंत दर महिन्याला आठवण करावी.

शेवटी चहाचे. २००४ साली लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी मातीचे कुल्हड आले. कुंभारांना काम मिळेल म्हणून आम्हालाही बरे वाटले. पण ते टिकले नाहीत. महाग पडत, वाहतुकीत फुटत, आणि भाजायला भट्टीत इंधन लागेच. प्यायल्यावर लोक ते रुळांवर फोडत. ते तुकडे पुन्हा कुणाच्या पायाला लागत, हे सांगायला नको. मग कागदी पेला आला. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळून जाईल.

म्हणून आज या सभागृहात चहा स्टीलच्या पेल्यांत ठेवला आहे. पेले साठ आहेत आणि आपण नव्वद आहोत, तेव्हा दोन पंगती होतील. पेले विसळायची पहिली पाळी व्यासपीठावर बसलेल्या पाच जणांची आहे, दुसरी भुसावळकडच्या साथींनी आपणहून मागून घेतली आहे. बादल्या दाराच्या डाव्या बाजूला आहेत. राख आणि काथ्या तिथेच ठेवला आहे.